मदत हवी आहे: आईचं दुखणं दहापैकी किती, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. आईला र्‍हुमॅटॉइड संधिवात होऊन नऊ वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, शिवाय फॉलिक ॲसिड.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर तिच्यापुढं एक कागद ठेवतात. त्यावर दहा सेंटिमीटरची रेघ. एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘सहनच होत नाही’. आठवडाभरात किती दुखलं तिथं खूण करायची. परवा आईनं चष्मा पुसला, रेघ बघितली आणि डॉक्टरांनाच विचारलं, "सहन व्हत न्हाई म्हंजे कसं वो? सहन तर करतोयच की आमी." आणि दोनाच्या आसपास खूण करून मोकळी.

याच बाईला सकाळी मूठ वळायला तास-दीड तास लागतो. भाकरी थापायचं सोडलंय. हौसेनं घेतलेलं कापशी पायताण माळ्यावर गेलं, आता रबरी सपाता. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) बरा आला, रेघेवर दोन, म्हणून औषध आहे तेवढंच ठेवलं.

घरी चेहऱ्यांची चित्रं दाखवून बघितली. तिनं हसरं निवडलं. का, तर "हिचं त्वांड बरं हाय"!

तिच्या वतीनं मी खूण केली तर चालेल का? भाऊ म्हणतो, तिचं तिनं सांगावं. दुसरी काही रीत आहे का?

प्रतिसाद १
भाऊ बरोबर बोलतोय, खूण तिचीच हवी. मी स्वतः याच आजाराचा, म्हणून सांगतो. डॉक्टर बहुतेक डास-२८ काढत असतील, म्हणजे आजार किती जोरात आहे याचे गुण. त्यात २८ सांधे दाबून बघतात, ईएसआर धरतात आणि ‘एकूण कसं वाटतं’ याचा शंभरपैकी आकडा घेतात. तो २० चा ६० झाला तरी एकूण गुणांत जेमतेम अर्ध्या गुणाचा फरक. ३.२ पर्यंत आजार सौम्य, ५.१ च्या वर तीव्र, म्हणजे काठावरच्या माणसाला अर्धाही पुष्कळ. पण खरी मेख पुढंच आहे: त्या २८ मध्ये घोटे आणि पावलं नाहीतच! पायताण सुटलंय म्हणता ना? मग कुणी विचारायची वाट न बघता पावलं दाखवा.
आणि ईएसआर बरा असूनही दुखतं. झिजलेला सांधा दुखतो, वर्षानुवर्षं सोसून नसा हळव्या होतात त्यानंही दुखतं. उपाय वेगवेगळे, तेव्हा कसं दुखतं तेही सांगा.

प्रतिसाद २
ताई, आकडा विचारूच नका, कामं विचारा. १९८० साली स्टॅनफर्डला एचएक्यू नावाची प्रश्नावली निघाली, ती अशीच. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३. नळ फिरवता येतो का, कपडे आपले आपण घालता येतात का, असले. आपल्याकडं कुकरचं झाकण, साडीच्या निऱ्या, धुणं पिळणं धरा. सासूबाईंचं मी कॅलेंडरवर लिहिते. सकाळचा आखडलेपणा किती वाजता सुटला, तेही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आज संध्याकाळी सहज विचारलं, आई, कुठल्या कामाला हात जात नाही गं? म्हणाली, "कुकर. धुणं. येणी तर शेजारणीकडनं घालून घेतो." वेणीचं मला माहीतच नव्हतं. पावलांचा फोटो काढायला गेले तर पदर ओढून बसली, "पायाचा कसला फोटू काढतीस!" आता थेट दवाखान्यातच सपाता काढायला लावते.