मदत हवी आहे: शुगरवाल्यांच्या गटासाठी चित्रांचे मराठी तक्ते कुठे मिळतील? (अर्जंट)

निळीछत्री:
अर्जंट आहे म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येते. आमच्या इथे शुगरवाल्यांचा गट आहे, दर शनिवारी बसतो, आधी बरेच लोक यायचे आता गळती लागलीये. एका संस्थेने सुरू केलेला, ते लोक गेले आणि जाताना एक फ्लिपचार्ट ठेवून गेले, त्यात इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की मलाच झोप येते, आणि निम्म्या बायकांना वाचता येत नाही, बाकीच्यांना सहीपुरतं. तर मला मोठ्या चित्रांचे तक्ते पाहिजेत, जेवण, गोळ्या, पाय असे. अप्पा बळवंत चौक पालथा घातला, फळं भाज्या पाळीव प्राणी सगळे तक्ते मिळतात, हे सोडून. कुणाकडे पीडीएफ असेल तर प्लीज टाका, शनिवारच्या आत. गूगल कर सांगू नका, केलंय.

कडूकारलं:
तक्ते बिक्ते सोडा हो. सगळ्यांना रोज सकाळी अनशापोटी कारल्याचा रस सुरू करा. मी घेतोय, गोळी बंद व्हायची वेळ आलीये.

घड्याळजी:
@कडूकारलं बंद डॉक्टर करणार की तुम्ही?

कडूकारलं:
वेळ आलीये म्हणलं, बंद केली असं कुठे म्हणलं. नीट वाचत जा.

नारायणपेठी:
धागाकर्तीने निम्मी माहिती दिलेलीच नाही. गट कुठे, कोण घेतं, किती वाजता, बायकाच की पुरुष पण, नुसते गोळीवाले की इन्सुलिनवाले पण? याशिवाय कोण काय सांगणार, कपाळ?

निळीछत्री:
पर्वतीच्या बाजूला वस्तीत, समाजमंदिरात, संध्याकाळी सहाला. मीच घेते. मी नर्स नाही, अकाउंट्सला आहे, आईला शुगर आहे म्हणून यात पडले. बहुतेक धुणीभांडी, भाजीवाल्या, दोन-चार रिक्षावाले काका होते ते आता येत नाहीत. गोळीवाले जास्त, इन्सुलिनवाल्या थोड्या. झालं? या सगळ्याचा तक्त्याशी काय संबंध ते कळलं नाही.

थर्डशिफ्ट:
संध्याकाळी सहा?? ताई ती बायकांची दुसऱ्या टायमाच्या भांड्यांची वेळ, आणि रिक्षावाल्याचा धंद्याचा टाइम. तुम्हाला सोयीची वेळ धरली तुम्ही. आमच्या हडपसरच्या स्टँडवर आम्ही दुपारी दोन-अडीचला बसतो, रिक्षा लाइनला लावायची, डबा खायचा आणि डबा खातानाच बोलायचं. कुणाच्या डब्यात किती भात ते सगळ्यांना दिसतंच, तक्ता कशाला पाहिजे. गट असा वेगळा काढलाच नाही आम्ही, एकाला स्टँडवर चक्कर आली तिथून सुरू झालं.

लॅबवाला:
गटात शुगर चेक करता का? करत असाल तर बोटाला टोचायला काय वापरता?

निळीछत्री:
मशीन आहे संस्थेचंच. सुई प्रत्येकाला नवीन असते, ती बसवून टोचायचं पेन एक.

लॅबवाला:
पेन पण एक नाही चालत. सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला रक्त लागतं आणि हिपॅटायटिस बी असंच पसरतं, वाळलेल्या रक्तात तो विषाणू आठवडाभर जगतो. एकदाच टोचून आत जाऊन लॉक होणाऱ्या सुट्या सुया मिळतात त्या आणा. आणि टोचायच्या आधी हात साबणाने धुवून कोरडे करायला लावा. मशीनचा आकडा उगाच वर दिसला तर बऱ्याचदा बोटाला केळं नाहीतर गूळ लागलेला असतो.

निळीछत्री:
ओके, त्या सुया आणते. तक्त्यांचं बोला ना कुणीतरी.

सिस्टरमावशी:
मी बोलते. महापालिकेच्या दवाखान्यात जन्म गेला माझा, तुमच्यासारखे फ्लिपचार्ट ढिगाने बघितले, माळ्यावर पडलेत सगळे. बाळा, तक्ता आणलास तरी तू शिकवणार आणि त्या ऐकणार, शाळाच की ती. ज्या शाळेत पाटीवर काही उमटलं नाही तिथे परत कोण येईल?
प्रत्येकीला सांग, येताना घरची भाताची वाटी घेऊन ये. सगळ्या वाट्या ओळीत मांड. एकीची वाटी आमटीची, एकीची चक्क वाडगा, आणि दोघी सांगतात "मी एकच वाटी भात खाते". हसतात मग, आणि आपणहून बोलायला लागतात. तसंच भाकरीचं. भाकरीने शुगर वाढत नाही असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, ज्वारीत पिष्ट जवळपास गव्हाइतकंच, फरक किती भाकरी आणि बरोबर काय याचा. ताटलीत अर्धी जागा पालेभाजी कोशिंबिरीला, पाव डाळ-उसळीला, पाव भाकरीला, हे खऱ्या ताटलीत खरं जेवण वाढून दाखव.
गोळ्यांचं पण तेच. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणायला लाव. मेडिकलवाले कापून देतात, तारीख कापलेल्या तुकड्यावर राहते. सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य काढ, रात्रीच्यावर चंद्र, जेवणानंतरचीला ताट. पेन तिच्या हातात दे, तिलाच काढू दे.
आणि "समजलं का?" असं कधीच विचारू नको, सगळ्या हो म्हणतात. विचार, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" तिथे कळतं काय पोचलं ते.

सोळाआणे:
सिस्टरमावशी एक नंबर. पण मी म्हणतो एवढं सगळं कशाला, दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मध्ये तोंड बंद. फुकट आहे, वाचता यायची गरज नाही. माझं वजन उतरलं, शुगरची तीन महिन्यांची सरासरी पण उतरली.

सिस्टरमावशी:
तुमचं उतरलं, आनंद आहे. पण जी बाई शुगर खाली ओढणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन चार घरची भांडी करते तिला दुपारपर्यंत उपाशी ठेवून बघा. शुगर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, आणि मालकीण म्हणते बाई कामचुकारपणा करतीये. डॉक्टरला विचारून डोस बदलल्याशिवाय असलं काही गटात सांगायचं नाही.

सोळाआणे:
मी सरसकट म्हणलंच नव्हतं.

घड्याळजी:
सरसकटच म्हणालात, वर आहे अजून.

निळीछत्री:
हे उपाशीचं मात्र होतं आमच्याकडे. चतुर्थी, एकादशी, नवरात्रात तर नऊ दिवस. मी नको म्हणलं की म्हणतात पोरी देवाचं आहे.

सिस्टरमावशी:
नको म्हणू नको, वाद घालून हरशील. उपास म्हणजे एकतर काहीच नाही नाहीतर साबुदाण्याची थाळीभर खिचडी, पहिल्याने शुगर पडते दुसऱ्याने चढते. भगर थोडी, दही, शेंगदाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, राजगिरा, हे उपासालाही चालतं, पण मोजून, भगर आणि राजगिऱ्यानेही चढते. त्या दिवशीची गोळी कशी घ्यायची ते आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवायला लाव. आणि शुगर पडली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर परत तेवढीच, मग पोळी-भाजी. पेढा, लाडू नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे नाटक करून घे, एकीने चक्कर आल्यासारखं करायचं. बायका फार झकास करतात.

दिवेघाट:
एकादशीवरून आठवलं, तुमच्या गटातून वारीला कोण जातं का? माझे वडील अनवाणी जायचे, त्यांना पायात खुपलेलं कळायचंच नाही, सासवडला पोचल्यावर तळवा बघितला तर रक्त. शुगरवाल्याने अनवाणी नाही जायचं हे आमच्या गावात कीर्तनकार बुवांनी सांगितलं तेव्हा लोकांनी ऐकलं, डॉक्टर बोंबलून थकला होता. रात्री तळव्याखाली आरसा धरून बघायचं आणि चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा. एमसीआर चप्पल मिळते, मऊ रबराची, ती घ्या.

नारायणपेठी:
वारीचा विषय निघालाच आहे तर पालख्या पुण्यात असताना पेठेतून गाडी बाहेर काढता येत नाही त्याचं काय ते पण एकदा बोलूया.

घड्याळजी:
नको.

विदावाचक:
मुळात अशा गटांनी किती फरक पडतो हे बघायला हवं. केरळात 60 मतदान केंद्रांच्या भागांत 1007 लोकांवर अभ्यास झाला, निम्म्या भागांत शेजारपाजारचेच लोक गट चालवायचे. दोन वर्षांनी गटवाल्यांत 14.9 टक्के लोकांना मधुमेह झाला, बाकीच्यांत 17.1. संख्याशास्त्राच्या हिशोबात हा फरक ठोस धरता येत नाही.

लॅबवाला:
ते लोक अजून मधुमेह न झालेले, धोक्याच्या यादीतले होते. हिच्या गटात सगळ्यांना झालेलाच आहे. आणि त्याच अभ्यासात गटवाल्यांनी दारू कमी केली, भाज्याफळं वाढवली ते का गाळलं?

विदावाचक:
गाळलं नाही, मुख्य निष्कर्ष सांगितला.

निळीछत्री:
मी सांख्यिकी विचारली नव्हती, पण असो. सिस्टरमावशी, एक विचारायचं होतं. आमच्यातल्या एक आजी इन्सुलिन शेजारच्या पोराकडून भरून घेतात, तो कॉलेजला गेला की त्या दिवशी राहतं. त्यांना आकडे कळत नाहीत. आणि मागच्या वेळी सिरिंज वेगळीच दिसली, केशरी टोपणाची.

सिस्टरमावशी:
थांब. बाटलीवर 40 लिहिलंय की 100, म्हणजे एका मिलीत किती युनिट ते? आपल्याकडे बहुतेक बाटल्या 40 च्या, त्याला लाल टोपणाची सिरिंज. केशरी टोपण 100 चं. 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल तर 20 च्या रेघेपर्यंत भरलं तरी आत जातात 8 च युनिट. उलटं झालं, 100 ची बाटली आणि लाल सिरिंज, तर 20 च्या जागी 50 जातात, माणूस झोपेतच जायचा. आधी हे बघून ये, शनिवारची वाट बघू नको.

निळीछत्री:
बाटली 40 ची आहे. फोटो मागवला आत्ता. सिरिंज केशरीच.

सिस्टरमावशी:
म्हणजे डोस अडीचपट कमी पडतोय. पण आपण होऊन वाढवायचा नाही. लाल टोपणाची सिरिंज आणा आणि उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या, सिरिंज सकट, कारण या चुकीच्या मापावरच्या शुगरा बघून त्यांनी मधे डोस वाढवला असेल तर लाल सिरिंजने तो एकदम जास्त होईल. त्यांना इन्सुलिनचं पेन परवडेल का तेही विचारा, त्यात चाक फिरवताना टकटक आवाज मोजता येतो, आकडा नाही वाचला तरी. आजींना म्हणावं, डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने भरून दाखवा.

थर्डशिफ्ट:
आणि तो शेजारचा पोरगा नसतो तेव्हाची सोय गटातल्याच एकीला दे, दोन घरं सोडून जी राहते तिला. गट त्यासाठीच असतो ना.

निळीछत्री:
उद्या हाफ डे टाकून नेते. वेळ दुपारी तीन करते, आई म्हणतीये चालेल, रिक्षावाल्या काकांना तिनेच निरोप दिला.

सोळाआणे:
मशीन कोणतं वापरता हो? सासऱ्यांना घ्यायचंय. पट्ट्या स्वस्त कुठे मिळतील?

उशिराआलो:
पूर्ण धागा वाचला नाही. ही घ्या पीडीएफ, परदेशी आहे पण नुसती चित्रंच आहेत, भाषा लागणारच नाही.

निळीछत्री:
बघितली. ताटात ब्रोकोली आणि सामन मासा आहे.