शब्दचर्चा : छायाचित्रातला ‘सॉफ्ट फोकस’ धूसर, मृदू की पुसट?

अक्षरवेल : एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचे भाषांतर करताना, १८८५ ते १९१५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत बहरलेल्या पिक्टोरिअलिझमला, म्हणजे छायाचित्राला कला मानणाऱ्या चळवळीला, मी ‘चित्रसदृश छायाचित्रण’ आणि त्यातल्या सॉफ्ट फोकसला, म्हणजे कडा मवाळ ठेवण्याच्या पद्धतीला, ‘धूसर’ म्हटले. संपादकांनी ‘धूसर’ खोडून ‘अस्पष्ट’ केले. ‘अस्पष्ट’ वाचले की छायाचित्र फसल्यासारखे वाटते. इथे तर तो मवाळपणा मुद्दाम साधलेला आहे. नेमका शब्द कोणता?

तळटीप : ‘अस्पष्ट’ नकोच. बिघडलेल्या फोटोसाठी आपल्याकडे शब्द आहेत : हात हलला की फोटो ‘हलला’, रंग उडाला की ‘पुसट झाला’. ‘धूसर’ मात्र धुरावरून आलेला असल्यामुळे पडद्याआडून दिसल्याचा भाव त्यात आपोआप येतो, आणि अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने १९०४ मध्ये टिपलेल्या न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीला तो चपखल बसतो.

मोडीलिपी : ही व्युत्पत्ती मला मान्य नाही. संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचा, करडा. तो रंग सांगतो, कडांचा मवाळपणा नव्हे. ‘मृदुकेंद्री’ असा शब्द घडवावा.

तळटीप : ‘मृदुकेंद्री’ कोणत्या स्टुडिओत ऐकू येईल? तिथे सगळे ‘फोकस सॉफ्ट ठेव’ असेच म्हणतात, आणि वापरातला शब्द टाकून पाठ्यपुस्तकी शब्द लादल्याने मराठी समृद्ध होत नाही.

अंधारखोली : मी स्वतः गम प्रिंट (डिंकाच्या थरातून उमटवलेले छायाचित्र) करते, म्हणून सांगते की आपण सगळे भिंगापाशीच थांबलो आहोत. ब्रिटिश छायाचित्रकार जॉर्ज डेव्हिसनचे १८९० मधले कांद्याच्या शेताचे गाजलेले चित्र भिंगाविना, नुसत्या सुईच्या भोकातून घेतलेले आहे. तिथे ‘केंद्र’ कुठून आणणार? शिवाय बराचसा मवाळपणा कागदावर येतो. डिंक, रंगद्रव्य आणि पोटॅशियम बायक्रोमेट यांचे मिश्रण कागदाला लावून, ते वाळले की वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरतात. प्रकाश पोचला तिथला डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यात सुटतो. कागद ओला असतानाच ब्रश फिरवून नको तो तपशील काढता येतो, आणि पॅरिसचा छायाचित्रकार रोबेर दमाशीची सारी हुकमत याच कामात होती. हे शब्दशः पुसणे आहे, म्हणून मला ‘पुसट’ हाच प्रामाणिक शब्द वाटतो.

मोडीलिपी : कृती तशी असली, तरी ‘पुसट’चा रूढ अर्थ फिका असाच आहे आणि गम प्रिंटमधले काळे कमालीचे गडद असू शकतात. मला अधिक खटकतो तो ‘चित्रसदृश’. ब्रिटिश छायाचित्रकार पी. एच. एमर्सनने १८८९ मध्ये मवाळ फोकसची बाजू मांडली ती डोळा असेच पाहतो म्हणून, चित्राची नक्कल करावी म्हणून नव्हे.

अक्षरवेल : मग ‘चित्रात्मक’?

तळटीप : तो आपण लेखनशैलीला वापरतो, वाचक गोंधळेल. मुंबईचे शापूर भेदवार लंडनच्या ‘लिंक्ड रिंग’ या छायाचित्रकारांच्या मंडळाचे सदस्य होते आणि नाट्यप्रसंग मांडून त्यांची छायाचित्रे घेत, त्यांना ‘चित्रसदृश’ अगदी शोभतो.

अंधारखोली : भेदवारांना शोभेल, पण अमेरिकन छायाचित्रकार स्टीग्लिट्झने १९०२ मध्ये ‘फोटो-सेसेशन’ हा छायाचित्रकारांचा गट स्थापन केला तो छायाचित्राला स्वतःच्या बळावर कला म्हणून मान मिळावा यासाठी, आणि त्याच्या कामाला ‘सदृश’ म्हणणे मला मुळीच मान्य नाही.