खारट आमटीत बटाट्यापेक्षा चकोल्या बऱ्या

आमटी खारट झाली तर त्यात कच्च्या बटाट्याच्या फोडी उकळून नंतर काढून टाकायच्या, असा एक उपाय सुचवला जातो, तो मला पटत नाही. बटाटा एकटं मीठ वेचून घेत नाही, खारट पाणीच शोषतो. मागे उरलेला रस जवळजवळ तितकाच खारट राहतो. फोडी आतच ठेवून वर बिनमिठाचं गरम पाणी वाढवलं, तर मात्र फरक पडतो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे तुरीच्या आमटीत दोनदा मीठ पडलं, एकदा डाळीत आणि पुन्हा फोडणीनंतर. मी सरळ चकोल्या केल्या. कणीक मीठ न घालता घट्ट मळली, पोळी लाटून कातण्याने शंकरपाळ्यांसारखे काप केले. आमटीत दोन वाट्या उकळतं पाणी घातलं आणि खळखळ उकळी आल्यावर एकेक काप सोडला (एकदम टाकले की गोळा होतो). दहा-बारा मिनिटांत काप फुगून मऊ झाले, आमटी दाटली, वर साजूक तूप. खारटपणा जाणवला नाही, सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. गूळ-आमसुलाने चव झाकली जाते, मीठ तेवढंच राहतं. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर त्यावर विसंबू नका.