जो लुईस (१९३८) वि. उसिक (२०२४): श्मेलिंगला सापडलेली फट उसिकला सापडेल का?

मागचा_पाय (धागाकर्ता)

अली-टायसनचा काथ्याकूट पुष्कळ झाला, म्हणून हेवीवेट बॉक्सिंगमधली दुसरी जोडी. एकीकडे २२ जून १९३८ चा जो लुईस, ज्याने जर्मन मॅक्स श्मेलिंगला २ मिनिटं ४ सेकंदांत गुंडाळलं. दुसरीकडे मे २०२४ चा ओलेक्झांडर उसिक, ज्याने रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवलं. दोघेही ऐन भरात.

मापं अशी: लुईस ६ फूट दीड इंच, रीच (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) ७६ इंच, वजन ९० किलो. उसिक ६ फूट ३ इंच, रीच ७८, वजन १०१ किलो.

मला उसिक जिंकताना दिसतो, आणि त्याचं कारण १९३६ च्या पहिल्या लुईस-श्मेलिंग लढतीतच उघड झालं होतं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर लुईसचा डावा हात सरळ हनुवटीपाशी परत येत नसे, खालून झुलत यायचा. श्मेलिंगने हे हेरलं, चौथ्या राऊंडला त्याला खाली बसवलं आणि बाराव्यात संपवलं. उसिकचा जोराचा हात डावा. फ्युरी नवव्या राऊंडला ज्या डाव्या हाताने हलला, तोच याच फटीतून आत शिरेल. माझं गणित कुठे चुकतंय का?

---

दोरीपाशी

चुकतंय, आणि थेट भूमितीतच चुकतंय.

श्मेलिंग लुईससारखाच ऑर्थोडॉक्स (डावा हात-पाय पुढे) होता. लुईसचा डावा हात खाली गेला की त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उघडी पडे, आणि तिच्यासमोर श्मेलिंगचा उजवा, म्हणजे मागचा हात असे. पडलेल्या हातावरून तो सरळ जबड्यावर. उसिक साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे) आहे, त्यामुळे त्या फटीसमोर त्याचा उजवा म्हणजे पुढचा हात येतो. तिथून जाईल तो जॅब किंवा आखूड हुक (बाजूने वळून येणारा ठोसा). अंतर कमी म्हणून लवकर पोचेल, दहादा पोचेल, पण त्यामागे मागच्या पायाचा रेटा नसेल. पॉइंट्स मिळतील, माणूस आडवा होईलच असं नाही.

उसिकच्या डाव्या हाताच्या वाटेत लुईसचा उजवा ग्लोव्ह आहे. तो लुईस हनुवटीसमोर धरायचा, तळवा पुढे, आलेला ठोसा झेलून बाजूला सारायला. तो हात त्याने सहसा सोडला नाही. उसिकला आधी खोटा जॅब दाखवून तो पंजा पुढे ओढावा लागेल आणि मग डावा सोडावा लागेल. हे तो करतोही. किंवा डावा सरळ पोटात, कारण ऑर्थोडॉक्सच्या यकृताची बाजू साउथपॉच्या डाव्या हातासमोर असते.

आता पाय. साउथपॉ विरुद्ध ऑर्थोडॉक्समध्ये दोघांची पुढची पावलं एकमेकांना भिडतात आणि ज्याचं पाऊल बाहेरच्या अंगाला, त्याच्या मागच्या हाताला मोकळी वाट. उसिक उजवं पाऊल लुईसच्या डाव्या पावलाबाहेर टाकून आपल्या उजवीकडे सरकत राहील. लुईसच्या उजव्यापासून लांब जायचं तर हेच बरोबर. फक्त त्या बाजूला लुईसचा डावा हुक बसलाय, आणि तो सहा इंचांतून सुटतो. तोच हुक खाली गेला की उसिकच्या यकृतावर, आणि साउथपॉची ती बाजू मुळातच पुढे असते. जेद्दाहला २०२२ मध्ये उसिकविरुद्ध अँथनी जोशुआचा नववा राऊंड पुन्हा पाहा: पोटावर काम झालं की उसिकची लय तुटते. फरक इतकाच की जोशुआने ते एक राऊंड केलं आणि दहाव्यात उसिकने सगळं वसूल केलं.

---

दहा_औंस

नियम कुणाचे, हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यानंतर.

१) राऊंड. तेव्हा १५, आता १२. लुईस-कॉन, १८ जून १९४१: बारा राऊंडनंतर बिली कॉन पंचांच्या दोन गुणकार्डांवर पुढे, तिसऱ्यावर बरोबरी. आजच्या नियमाने तिथेच पट्टा कॉनचा. प्रत्यक्षात तेराव्यात तो नॉकआउट मारायला उभा राहिला आणि २:५८ ला स्वतःच संपला. त्या रात्री कॉन लुईसपेक्षा साधारण ११ किलोंनी हलका होता. इथे ११ किलो जड माणूस कॉनसारखा सरकणार आहे.

२) ग्लोव्ह. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ६ औंस, आज हेवीवेटला १०. म्हणजे १७० ग्रॅम विरुद्ध २८३. सहा औंसात मागे लपायला जागाच नाही, दोन मुठींमधून ठोसा आत येतो. याचा तोटा हात उंच धरून बचाव करणाऱ्याला, उसिकला त्यामानाने कमी. पण लुईसच्या आखूड ठोशांना सहा औंस म्हणजे पर्वणीच.

३) सक्तीची आठची मोजणी तेव्हा नव्हती. पडलेला माणूस दोनवर उठला की लढत लगेच चालू. श्मेलिंग १९३८ मध्ये तसाच घाईने उठला आणि पुढचा ठोसा त्याची वाटच पाहत होता. लुईससारखा फिनिशर आणि सावरायला आठ सेकंद नाहीत, हा माझ्या मते या यादीतला सगळ्यात मोठा फरक.

४) गुणदान. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जिंकलेले राऊंड मोजत, नॉकडाऊनचा जादा पॉइंट नाही. उसिक-फ्युरी पहिली लढत घ्या: ११५-११२, ११४-११३ उसिक, ११४-११३ फ्युरी. नववा राऊंड (नॉकडाऊनमुळे) १०-८ ऐवजी १०-९ धरला तर ११५-११३ उसिक, ११५-११३ फ्युरी आणि ११४-११४. सरळ ड्रॉ!

---

क्रूझर_२००

लुईसचे ९० किलो म्हणजे आजच्या क्रूझरवेटच्या (हेवीवेटखालच्या गटाच्या) मर्यादेत (२०० पौंड, ९०.७ किलो). मग २०१८ चा उसिक घ्या ना, चारही पट्टे असलेला. वजनाचा वाद मिटला. त्याच वर्षी रीगामध्ये ब्रीडिसने पुढे चालत जाऊन त्याला जेरीस आणलं होतं, लढत उसिकने मेजॉरिटी डिसिजनवर (दोन पंच त्याच्याकडे, तिसऱ्याकडे बरोबरी) जिंकली. लुईस ब्रीडिसपेक्षा कमी ठोसे मारेल, पण वाया घालवणार नाही.

---

मागचा_पाय

@दोरीपाशी, फटीचं मान्य. पुढच्या हाताचा हिशोब मी उलटा धरला होता.

पण वजनावर लुईसच्या बाजूने सांगायला लोक कार्नेरा (११८ किलो, सहा राऊंड) आणि बडी बेअर (११३ किलो, १९४२ ला पहिल्याच राऊंडमध्ये) काढतात, ते मला पटत नाही. दोघेही समोर उभे राहिले. लुईसला त्रास झाला तो सरकणाऱ्यांचा: पास्टर १९३७, कॉन १९४१, वॉलकॉट १९४७. वॉलकॉटने तर दोनदा पाडलं आणि निकाल स्प्लिट (तिघांपैकी दोघे लुईसकडे, एक वॉलकॉटकडे).

---

दोरीपाशी

तीच यादी पुढे वाचा. पास्टर दुसऱ्यांदा: अकराव्यात नॉकआउट. कॉन दुसऱ्यांदा, १९४६: आठव्यात. वॉलकॉट, १९४८: अकराव्यात. श्मेलिंगचं वर आलंच आहे. ज्याने पहिल्यांदा कोडं घातलं, त्यातला एकही दुसऱ्यांदा शेवटच्या घंटेपर्यंत टिकला नाही.

तेव्हा पहिली लढत, १२ राऊंड, १० औंस: उसिक, आठ-चार राऊंड. १५ राऊंड आणि ६ औंस असेल तर मी लुईसवर, तेही बारानंतर.

---

दहा_औंस

आणि रिमॅचला? उसिकनेही जोशुआ, फ्युरी, डुबुआ तिघांना दुसऱ्यांदा हरवलंय. डुबुआला संपवायला पहिल्यांदा नऊ राऊंड लागले होते, दुसऱ्यांदा पाच.