सारस आणि रानपिंगळा: अधिक धोका कोणाला?

प्रश्न (शिक्षक, गोंदिया जिल्हा)
नमस्कार. आमच्या शाळेमागील धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरते. सातवीच्या मुलांना पक्ष्यांची नामशेष होण्याच्या धोक्यानुसार केलेली जागतिक वर्गवारी दाखवताना सारस 'असुरक्षित' गटात, तर मेळघाटातील रानपिंगळा (एक लहान घुबड) त्याहून गंभीर अशा 'संकटग्रस्त' गटात आढळला. तेव्हा एका मुलीने विचारले, ''मग आपल्या सारसाला कमी धोका आहे का?'' मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर (पक्षिनिरीक्षक, धारणी, मेळघाट)
गुरुजी, मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ही वर्गवारी पक्ष्याची जगभरातील स्थिती पाहून ठरते, जिल्ह्यातील नव्हे. सारस उत्तर भारतापासून आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. रानपिंगळा भारताबाहेर कुठेच नाही. १८८४ नंतर ११३ वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती आणि १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटासह इतरत्रही आढळत गेल्याने २०१८ मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' गटातून एक पायरी खाली आला. माझ्या मते यात पक्षी वाढल्यापेक्षा आपली माहिती वाढल्याचा भाग मोठा आहे. तरीही आमच्याकडे तो राहतो ते बरेचसे सागवानी जंगल व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षणात आहे, हा मोठा आधार आहे. महाराष्ट्रातील सारस मात्र मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात, तेही काही डझनच उरले आहेत. म्हणून त्या मुलीला सांगा, की जगाच्या यादीत सारस खालच्या पायरीवर असला तरी आपल्या राज्यातून तो आधी नाहीसा होऊ शकतो.

उत्तर (धान उत्पादक शेतकरी, गोंदिया जिल्हा)
वरील म्हणण्यात एक भर घालतो. रानपिंगळा झाडाच्या ढोलीत घरटे करतो आणि ते झाड बहुधा वनखात्याच्या ताब्यात असते; सारस मात्र पाणी भरलेल्या बांधीत किंवा तलावाच्या काठाशी गवत-काड्या रचून साधारण दोन अंडी घालतो, म्हणजे त्याचे घर आमच्या सातबाऱ्यावर असते. कीटकनाशके, विजेच्या तारा आणि बुजणारे मामा (माजी मालगुजारी) तलाव व बोड्या (लहान तळी) हे त्याचे खरे शत्रू. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, याचे मला फार समाधान वाटले. परंतु अंडी उबवण्याचा महिनाभर घरट्याभोवतीचे धान न तुडवणे आणि तेथे फवारणी न करणे, हे शेतकऱ्यालाच करावे लागते. आमच्या बांधीत घरटे झाले तेव्हा आम्ही तेवढा तुकडा निंदणीविना सोडला होता.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मुलांना घरटे दाखवायला नेले तर चालेल का?

उत्तर (धान उत्पादक शेतकरी)
अंडी असेपर्यंत नेऊ नका, गुरुजी. पिल्ले आईबापांमागे फिरू लागली, की लांबच्या धुऱ्यावरून दुर्बिणीने दाखवा.