चर्चा: पडद्यावरचा भला श्टासी अधिकारी पटतो का?

रातकिडा: 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (2006) परवा पुन्हा पाहिला. 1984 चं पूर्व बर्लिन, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीची राजधानी. श्टासीचा, म्हणजे तिथल्या गुप्तहेर खात्याचा, कॅप्टन वीझलर एका नाटककाराच्या घरावर माळ्यावर बसून कान ठेवतो आणि शेवटी खोटे अहवाल लिहून त्यालाच वाचवतो. चित्रपट देखणा, 2007 चं ऑस्करही मिळालं. पण असं कुणाला वाचवणारा श्टासी अधिकारी इतिहासात सापडलेला नाही. बर्लिनमधल्या होहेनशोनहाउझनच्या, श्टासीच्या जुन्या तुरुंगात आज स्मारक आहे. तिथल्या तेव्हाच्या संचालकांनी, हुबेर्टस क्नाब यांनी, याच कारणासाठी चित्रीकरणाला परवानगी नाकारली. त्यांना 'शिंडलर्स लिस्ट'चा, म्हणजे नाझी काळात ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरवरच्या चित्रपटाचा, दाखला दिला, तर त्यांचं उत्तर होतं की शिंडलर होऊन गेला, वीझलर झालाच नाही. मला ते पटतं.

मधली_सुट्टी: अहो, पण हा माहितीपट थोडाच आहे! वीझलर काल्पनिक आहे हे कुणी लपवलेलं नाही. बाकीचं बघा ना. कैद्याच्या खुर्चीवरचं कापड कुत्र्यांना वास देण्यासाठी बरणीत जपून ठेवतात. शेजारीण तोंड उघडेल म्हणून तिच्या मुलीच्या मेडिकलच्या जागेची धमकी देतात. राजवट कळायला आणखी काय हवं? आणि वीझलर झालेला उलरिश म्यूहं स्वतः पूर्व जर्मनीतला; 4 नोव्हेंबर 1989 ला पूर्व बर्लिनच्या आलेक्झांडरप्लात्झ चौकात राजवटीविरुद्ध झालेल्या प्रचंड सभेत बोललेला माणूस. त्याला काय ती राजवट ठाऊक नव्हती?

रातकिडा: राजवट ठाऊक असणं वेगळं. श्टासीत एका माणसाच्या हातात सगळं ठेवतच नसत, कामं वाटलेली असत आणि एकमेकांवरही नजर असे. शेवटी शेवटी पगारी नोकरच सुमारे 91,000 होते, खबरे वेगळे. फुटणाऱ्याची गत काय व्हायची? वेर्नर टेस्के हा श्टासीचाच अधिकारी. कागदपत्रं घेऊन पश्चिम जर्मनीत पळायच्या बेतात होता, म्हणून 1981 मध्ये लाइप्झिगला त्याला मृत्युदंड दिला. वीझलरला मात्र पत्रं उघडायच्या कामावर बसवून सोडून देतात.

निळी_शाई: रातकिड्यांशी सहमत. 'सोफी शोल' (2005) बघा. 1943 मध्ये म्युनिक विद्यापीठात नाझींविरुद्ध पत्रकं टाकणारी ही मुलगी. चौकशीचे मूळ जबाब पूर्व जर्मनीच्या दफ्तरात पडून होते, 1990 नंतर बाहेर आले आणि पटकथा त्यांवर उभी राहिली. चौकशी अधिकारी मोर थोडा चलबिचल होतो, पण फितूर होत नाही. तरी प्रसंग अंगावर येतो.

मधली_सुट्टी: सोफीचे जबाब लिहिलेले होते म्हणून सापडले. ज्याने गुपचूप दुर्लक्ष केलं, तो त्याची नोंद कशाला ठेवेल? शिवाय 1989 च्या अखेरीस राजवट कोसळत असताना श्टासीने कागद फाडायला घेतले, त्याच्या तुकड्यांची 16,000 च्या आसपास पोती निघाली.

रातकिडा: पोत्यात असेल म्हणून मानायचं, तर काहीही मानता येईल. उद्या सगळेच माजी अधिकारी "मीही वीझलरच" म्हणतील. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनी हे ऐकून घ्यायचं?

निळी_शाई: 'बार्बरा' (2012) पाहिलात का? 1980 चा काळ, गावच्या इस्पितळात बदली केलेली डॉक्टर, तिच्या घराची झडती घेणारा श्टासीचा माणूस. त्याची बायको मरणाच्या दारात आहे हे आपण पाहतो. तो काही सुधारत नाही, पण माणूस वाटतो. हे जमत असेल तर वीझलर कशाला हवा?

मधली_सुट्टी: पाहिलाय, उत्तम आहे. पण आमच्या घरी तो अर्ध्यावर बंद झाला आणि वीझलरला सगळे शेवटपर्यंत बसले. श्टासी हा शब्द आईने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. आता टेस्केबद्दलही तिला मीच सांगेन.