अबंधितचे पाच लाख: पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, की पाणी? २६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेआधी सल्ला हवा

सदस्या_बुलढाणा

नमस्कार मंडळी. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. वस्ती २३०० च्या आसपास. पहिल्यांदाच निवडून आलेय. आकडेमोडीची भीती नाही, पण कुठला पैसा कशावर टाकता येतो हे कार्यालयात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, म्हणून इथे विचारते.

२६ जानेवारीला २०२५-२६ चा आराखडा ग्रामसभेपुढे येईल. केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाच्या निधीचं हे शेवटचं वर्ष. आम्हाला साडेबारा लाख धरायला सांगितलेत. त्यातले ६० टक्के बंधित, ठरवून दिलेल्या कामांनाच, म्हणजे साडेसात लाख. निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले पाच लाख अबंधित, म्हणजे कामं गावाने ठरवायची. भांडण या पाच लाखांवरून आहे.

मासिक सभेत यादी आली ती अशी: मारुतीच्या देवळापासून वरच्या आळीपर्यंत पेव्हर ब्लॉक, स्टँडवर हायमास्टचा उंच दिवा, आणि उरलेच तर वेशीवर कमान. आरोग्य, पर्यावरण या शीर्षकांखाली पन्नास रोपं आणि एक फवारणी यंत्र.

शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळून टक्कल पडतंय, ते टीव्हीवर पाहिलं असेल. तिथल्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. तेच कारण आहे असं अजून कोणी ठामपणे म्हटलेलं नाही, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक नमुने घेऊन गेलंय. पण आमच्या गावातल्या बायका मला विचारायला लागल्या, आपल्या विहिरीचं काय? मी फाइल मागवली. मागच्या वर्षीच्या अहवालात नायट्रेट ७८. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला, खाली सही, आणि फाइल कपाटात! केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटसाठी वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावं आली आहेत, म्हणजे आम्ही एकटे नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. आमची अंगणवाडी पत्र्याची. एप्रिल लागला की अकराच्या पुढे पोरं आत बसू शकत नाहीत.

हे सगळं सभेत मांडलं तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, नायट्रेट कोणाले दिसते का? पेव्हर दिसते." सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण बोलले ते खोटं नव्हतं.

तर नायट्रेटवर खर्च अबंधितमधूनच करावा लागतो का? आरओ प्लांट टाकावा का? आणि ही यादी बदलायची तर नेमकं कुठे धरायचं?

निवृत्त_ग्रामविकास_अधिकारी (सांगली)

ताई, पहिली गोष्ट, पाच लाखांवर भांडण्याआधी साडेसात लाख कुठे चाललेत ते बघा. पिण्याच्या पाण्याचा खर्च बंधितच्या पाण्याच्या भागातून होतो, तुमचे पावणेचार लाख त्यासाठीच आहेत. ते आज कशाला लागतात विचारा. मी पैजेवर सांगतो: मोटार रिवाइंडिंग, एखादी वाढीव पाइपलाइन आणि नळयोजनेचं वीज बिल. २०२१ साली शासनानेच सांगितलं की पाणीपुरवठ्याचं बिल बंधितमधून आणि दिवाबत्तीचं अबंधितमधून भरा. सरपंच मंडळींनी तेव्हा आरडाओरडा केला होता तो उगाच नव्हता. पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून बिल थकतं, बिल थकलं की आयोगाचा पैसा त्यात जातो, आणि मग तपासणीला पैसे नाहीत असं उत्तर मिळतं. त्यामुळे सुरुवात पाणीपट्टीच्या मागणी-वसुलीचं रजिस्टर उघडून करा. गोड काम नाही हे.

दुसरी गोष्ट. "हवामान", "पर्यावरण" असं लेखाशीर्ष शोधत बसाल तर तुमच्या वाट्याला रोपं आणि फवारणी यंत्रच येणार.

माझ्या नोकरीत मी सिमेंट का जिंकतं ते पाहिलंय. दरवेळी खाबूगिरी असते असं नाही. पेव्हरचं अंदाजपत्रक अभियंत्याकडे तयार असतं. गल्लीची लांबी-रुंदी भरली की तांत्रिक मान्यता, काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल निघालं. विहिरीभोवतालचे उकिरडे हलवण्याचं अंदाजपत्रक कोणी कधी केलेलंच नसतं. सभेत तुम्ही तळमळीने बोलता, समोरच्याच्या हातात कागद असतो. मार्च जवळ आला की पैसा कागदाकडे जातो. म्हणून २६ तारखेआधी तुमचा कागद तयार पाहिजे. कामाचं नाव, ठिकाण, अंदाजे रक्कम, कोणत्या निधीतून. चार ओळींचा असला तरी चालेल, पण आकड्यासकट.

आता विहिरीकडे या. नायट्रेट टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जात नाही, तुरटीने नाही, उकळून तर उलट थोडं वाढतंच, कारण पाणी उडून जातं आणि ते खाली राहतं. कँडलचा फिल्टरही निरुपयोगी. तुमच्या कर्मचाऱ्याची क्लोरीन बघायची ओटी टेस्ट रोज बरोबर येत असेल, गावाला हिरवं कार्डही असेल, आणि तरी नायट्रेट ७८ असू शकतं. कार्ड साथीच्या धोक्याचं आहे, पावडर आणि परिसर बघून देतात. गावात मात्र हिरवं कार्ड म्हणजे पाणी चांगलं असा समज पक्का असतो.

आरओची घाई करू नका. आधी गावातले सगळे स्रोत तपासून घ्या: वापरात नसलेली विहीर, शाळेची बोअर, मळ्याकडचा हातपंप, सगळं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुने जातात. एकाच गावात एक विहीर ७८ आणि दुसरी ३० असं मी पाहिलंय. तशी सापडली तर पिण्यापुरती ती टाकीला जोडा, किंवा दोन्हींचं पाणी मिसळून पुन्हा तपासा. मग विहिरीभोवती चक्कर मारा. उकिरडा, गोठ्याचं पाणी, शौचालयाचा शोषखड्डा, वरच्या बाजूला युरिया खाणारं शेत. स्वच्छतेचे पावणेचार लाख इथे उपयोगी पडतात. पण जपून! शोषखड्डे घ्या म्हटलं की घरटी खड्डा घेतात आणि त्यातले दोन विहिरीला लागून. पन्नास फुटांच्या आत एकही नको.

आणि ठरावाचं. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात. ते न जमल्याने सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नाही. ज्यांना आपली यादी बिनबोभाट हवी असते ते त्या तहकूब सभेची वाट बघतात. आदल्या दिवशीची महिला सभा नावाला होते, ती खरी भरवा, तिथे ठराव घ्या, आणि इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांची नावं लिहून वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.

उपसरपंच_लातूर

सगळं पटलं, एक सोडून. पेव्हर, रस्ता म्हटलं की लगेच नाक मुरडायचं हे शहरी वाचन आहे. आमच्या खालच्या वस्तीत पावसाळ्यात १०८ ची रुग्णवाहिका वेशीवर थांबते आणि बाळंतिणीला बाजेवर घालून चिखलातून न्यावं लागतं. तो रस्ता आमच्यासाठी आरोग्याचंच काम होतं आणि आम्ही ते अबंधितमधून केलं. ताईंनी एवढंच बघावं की पेव्हर कोणत्या गल्लीत चाललाय. देवळापासून वरच्या आळीपर्यंत? तिथे आधी रस्ता आहे का नाही? खालच्या वस्तीत काय आहे? यादीतून पेव्हर काढण्यापेक्षा त्याची गल्ली बदलणं सोपं जाईल, आणि खालच्या वस्तीची मतं आपोआप तुमच्या बाजूने येतील. कमानीला मात्र माझाही विरोध.

गटप्रवर्तक_यवतमाळ

मी आशा ताईंच्या कामावर देखरेख करते. नायट्रेटचा धोका सगळ्यांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, त्यातही वरच्या दुधावर असलेल्यांना. डब्याची पावडर किंवा गाईचं दूध त्याच विहिरीच्या पाण्यात कालवतात. रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही, बाळ निळसर पडतं. आईच्या दुधावरचं बाळ यातून बरंच वाचतं. म्हणून ताई, पैसा लागायच्या आधी आशांकडून यादी काढा, गावात अशी किती बाळं आहेत. आमच्याकडे एका गावात ही यादी एका वहीच्या पानावर मावली. तेवढ्या घरांना चांगल्या स्रोताचं पाणी देणं उद्यापासून शक्य असतं, प्लांटची वाट बघायची गरज नाही. आणि ग्रामसभेत "नायट्रेट ७८" म्हणू नका. "अमक्या आळीतली चार लेकरं हे पाणी पितात" म्हणा.

पत्र्याच्या अंगणवाडीला चुन्याचे दोन हात द्या, दुपारी आत बसून फरक बघा. २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गेली त्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, आणि तिथे पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी केली. छत, माठ, ओआरएसची पाकिटं यांना पाच लाखांना हात लावायची गरज नाही. गावच्या आरोग्य, पोषण, स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांचा निधी येतो, आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाला द्यावेच लागतात. ते १० टक्के तुमच्याकडे कुठे जातात? आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी सतरंज्या आणि शिलाई मशीन येतात.

कुर्लेकर

गावचा अनुभव नाही, पण एक गोष्ट सांगतो. मुंबई महापालिकेने जून २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्प काढला. १०,२२४ कोटी, भांडवली खर्चाच्या ३२ टक्के. वाचून मला आनंद झाला, मग लक्षात आलं की हा काही वेगळा आणलेला पैसा नाही. मलनिस्सारण, पावसाळी पाण्याच्या वाहिन्या अशी जी कामं अर्थसंकल्पात आहेतच, त्यांतली हवामानाशी नातं असलेली वेगळी काढून दाखवली. वाईट म्हणत नाही मी. किमान विचारता तरी येतं की राहिलेले ६८ टक्के कशावर.

सिमेंट जिंकतं म्हणालात त्याचं मोठं उदाहरण म्हणजे केंद्राचा स्वच्छ हवा कार्यक्रम. २०१९ पासूनच्या खर्चाचा हिशेब सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने २०२४ मध्ये मांडला. ६४ टक्के पैसा रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर, म्हणजे फरसबंदी, खड्डे, पाणी मारणं. उद्योगांच्या धुरावर १ टक्काही नाही.

निवृत्त_ग्रामविकास_अधिकारी (सांगली)

कुर्लेकर, म्हणजे दिल्लीतही अंदाजपत्रक तयार असलेलंच काम निघतं. वाचून बरं वाटलं, आम्हीच एकटे बदनाम होतो.

ताई, ती मुंबईची युक्ती तुम्हीही करा. नमुना १ मधल्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकाची झेरॉक्स घ्या आणि प्रत्येक कामापुढे पेन्सिलीने लिहा: पाणी, आजार, ऊन, की यातलं काहीच नाही. ग्रामसभेत भाषण करू नका, तेवढं वाचून दाखवा.

सदस्या_बुलढाणा

सगळ्यांचे आभार. सभा झाली, जे झालं ते लिहिते.

महिला सभेला बायका आल्या, कारण केसगळतीची धास्ती होती. ठराव झाला. गटप्रवर्तक ताईंनी सांगितल्याप्रमाणे आशाने यादी काढली, वरच्या दुधावरची तीन बाळं निघाली. ग्रामसभेत मी यादी पेन्सिलीच्या शेऱ्यांसकट वाचली. कमानीपुढे "यातलं काहीच नाही" म्हटल्यावर मागून कोणीतरी टाळी वाजवली, सरपंच चिडले. कमान गेली. हायमास्ट राहिला, तो कोणाच्या तरी शब्दाचा होता. पेव्हर खालच्या वस्तीत वळवायला मात्र जमलं नाही. तिथे आधी नाली हवी, आणि नालीचं अंदाजपत्रक नाही! आता ते करून घेतेय. पाण्याच्या बंधितमधून सगळ्या स्रोतांची तपासणी आणि जुन्या सरकारी विहिरीचा गाळ काढणं ही दोन कामं आराखड्यात चढली. पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी वाचायची हिंमत झाली नाही. त्यात निम्मे सदस्य आहेत.

फेब्रुवारी उलटताना संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी शेगावकडच्या केसगळतीबद्दल त्यांच्या तपासणीतून रेशनच्या गव्हातलं सेलेनियम हे मूलद्रव्य कारण म्हणून पुढे आणलं. लगेच तेच ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "पाह्य ताई, पाण्याचं काही नव्हतं." मी म्हटलं, काका, त्यांच्या केसांचं कारण गहू असेल, पण आपल्या विहिरीचे ७८ गव्हाने कमी नाही झाले. जुन्या विहिरीचा नमुना ३६ आलाय. उन्हाळ्यात ती किती दिवस पुरते हे कोणालाच सांगता येत नाही, गाळ काढल्यावर कळेल. पुरली नाही तर मे महिन्यात आरओचा विषय पुन्हा निघणार.

म्हणून अजून एक विचारते. कोणाच्या गावात आरओ प्लांट दोन-तीन वर्षांहून जास्त चालू असेल, तर मेंब्रेन (आतला गाळणीचा पडदा) बदलण्याचा खर्च कोणत्या निधीतून करता, कॅनला किती रुपये घेता, आणि बाहेर पडणारं खारट पाणी सोडता कुठे? आम्हाला दाखवायला आलेल्या विक्रेत्याने या तिन्हींवर "ते नंतर बघू" म्हटलं.